सूर लागण्याआधीचा अर्धा सेकंद

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, जमशेद भाभा नाट्यगृहात, एकदा मी मुद्दाम अगदी कडेची खुर्ची घेतली होती. समोर बसले की वाद्यवृंदाच्या कंडक्टरची नुसती पाठ दिसते. कडेने त्याचे दोन्ही हात आणि निम्मा चेहरा दिसतो. त्या संध्याकाळी बेथोव्हनची पाचवी सिम्फनी होती. तिची 'ट-ट-ट-टाऽऽ' ही सुरुवात पाश्चात्य संगीत कधी न ऐकणाऱ्याच्याही कानावरून गेलेली असते. ओबोवादकाने एक सूर धरला, त्यावर सगळ्यांनी आपापली वाद्ये मिळवून घेतली आणि सभागृह शांत झाले. कंडक्टरने हात वर नेला. त्यासरशी व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकले, क्लॅरिनेटवाल्याचे खांदे श्वास घेताना वर गेले. हात खाली आला आणि ते चार सूर त्या सगळ्यांच्या हातून एकदम कोसळले.

माझ्या मागे आजीबरोबर आलेली एक मुलगी होती. मध्यंतरात तिने विचारले, "आजी, तो मधला माणूस काहीच वाजवत नाही, मग तो कशाला लागतो?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे जो पुढे असतो तो स्वतः वाजवतो किंवा गातो. ताशावर तर्री फिरली की ढोल उचलतात. भजनात बुवांनी चाल धरली की टाळकरी मागे येतात. इथे मात्र पुढे उभा असलेला माणूस पूर्ण कार्यक्रमात एकही सूर काढत नाही, तरी जाहिरातीत त्याचे नाव ठळक अक्षरांत असते, आणि जगभरच्या वाद्यवृंदांना आणि ऑपेरा हाउसना तो हवा असतो. हे काम आहे तरी काय आणि त्यात माणूस मोठा कसा होतो, हे पाहायला आपल्याला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. या क्षेत्रातले जगातले एक मोठे नाव मुंबईत जन्मले आणि वाढले: झुबिन मेहता.

हवेतला टप्पा

पाचव्या सिम्फनीची सुरुवात अवघड आहे, आणि ती का अवघड आहे हे कळले की निम्मे कोडे सुटते. बेथोव्हनने पहिल्या सुराआधी एक छोटी शांतता लिहून ठेवली आहे. म्हणजे पहिला ठोका रिकामा आहे आणि सूर त्याच्या पाठोपाठ येतात. रिकाम्या जागेवर इतक्या माणसांनी एकत्र पाय ठेवायचा आणि पुढचे पाऊल एकत्र टाकायचे. मोजायला आवाज नाही, ठेका नाही. आहे तो फक्त एक हात.

त्या हाताची वर जाण्याची हालचाल सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यातून वादकाला तीन गोष्टी कळतात: लय किती, आवाज किती आणि सूर कसा हवा, टोकदार की मऊ. हात चपळ आणि छोटा उचलला तर पुढे येणारा सूर तुटक येतो. सावकाश, श्वास भरून उचलला तर भरीव येतो. ज्यांना फुंकून वाजवायचे आहे ते त्याच क्षणी श्वास घेतात, म्हणून चांगला कंडक्टर स्वतःही तिथे श्वास घेतो. जेमतेम अर्ध्या सेकंदाचे हे काम आहे. पुढे येणारा सूर कसा असेल ते या अर्ध्या सेकंदात ठरून जाते.

मग हात खाली येतो. क्रिकेटमध्ये झेल घेणारा खेळाडू चेंडू आत्ता आहे तिथे हात नेत नाही, चेंडू येणार असतो तिथे नेतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून पाठ असते. कंडक्टरची काठी, म्हणजे बॅटन, हवेत अशीच पडते, एका अदृश्य पृष्ठभागावर टप्पा घेते आणि उसळते. टप्पा कधी पडणार हे वादकाला आधीच दिसते, म्हणून सगळ्यांचा सूर त्या टप्प्यावर एकत्र पडतो. काठी एकाच वेगाने नुसती खाली सरकवली तर हा अंदाज बांधता येत नाही आणि वाद्यवृंद विस्कटतो.

उजवा हात सहसा मात्रा दाखवतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे, चौथी वर. तीन मात्रांच्यात खाली, उजवीकडे, वर. डावा हात बाकीचे सांगतो: तळवा खाली केला की हळू, बोट उचलले की बासरीने आता यायचे, मूठ आवळली की इथे सूर तोडायचा. आणि डोळे. पन्नास मात्रा गप्प बसलेल्या झांजवाल्याकडे योग्य वेळी नुसते पाहिले तरी त्याला धीर येतो.

कानावर विसंबले तर उशीर होतो

"पण त्यांना कान आहेत की! एकमेकांचे ऐकून वाजवू देत," असे वाटणे साहजिक आहे. चार-पाच वादक असतील तर तसेच होते. मोठ्या वाद्यवृंदात आडवा येतो तो आवाजाचा वेग.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचाच्या पुढच्या टोकाला व्हायोलिन आणि १७ मीटर मागे ट्रम्पेट, असे धरा. व्हायोलिनचा सूर ट्रम्पेटवाल्यापर्यंत पोचायला एक विसांश सेकंद लागतो. तो सूर ऐकून त्याने वाजवले, तर त्याचा सूर पुढे पोचायला आणखी तेवढाच वेळ. म्हणजे पुढच्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला ट्रम्पेट व्हायोलिनच्या एक दशांश सेकंद मागे ऐकू येते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले, तर एक भाग अष्टमांश सेकंदाचा असतो. उशीर जवळजवळ तेवढाच झाला! जलद गतीत हे राडा होण्याइतके पुरेसे आहे.

प्रकाशाला मात्र हे अंतर काहीच नाही. म्हणून मागच्या वादकाला कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो, कधी कधी तर कानाला 'उशिरा' वाटत असलेल्या आवाजाकडे दुर्लक्ष करून हाताबरोबर वाजवावे लागते. हे अंगवळणी पडायला वर्षे जातात.

पूर्वी वाद्यवृंद लहान होते, तेव्हा पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवर बसलेला संगीतकारच सगळ्यांना सांभाळून नेई. फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार लुली तर जड दांडा जमिनीवर आपटून ताल देत असे. तो दांडा स्वतःच्याच पायावर बसून झालेल्या जखमेने १६८७ मध्ये तो गेला. एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद शंभर जणांपर्यंत वाढले, लय एकाच रचनेत अनेकदा बदलू लागली आणि फक्त संचालन करणारा माणूस ही स्वतंत्र गरज झाली.

मुंबईतले घर

झुबिन मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. युरोप लांब, शिकवणारे थोडे, तरी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्यांनी आपला हात घडवला आणि १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, नौदलाच्या बँडमधले वादक होते आणि गोव्याचे संगीतकार होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईचे हे वाद्यवृंदही चालवले आणि हिंदी चित्रपटांचे संगीतही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे त्याच परंपरेतली. आपण गुणगुणतो त्या किती तरी गाण्यांमागचे वाद्यमेळ या लोकांनी कागदावर लिहिले आणि हातवाऱ्यांनी वाजवून घेतले, आणि त्यांची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही असे मला मनापासून वाटते.

घरात सतत तालमी, शेजारच्या खोलीत झुबिन. कंडक्टरच्या घडणीत ही गोष्ट फार मोलाची. सूर वाजतो कसा हे बहुतेकांना कळते. सूर बिघडतो कसा आणि दुरुस्त कसा करतात, हे तालमीतच कळते. घरच्यांना मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटे. सेंट झेवियर्स कॉलेजात त्यासाठीचे शिक्षण सुरूही झाले होते. ते सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला.

शांततेतला अभ्यास

व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत गुरू मिळाले हान्स स्वारोव्स्की. त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा: हालचाल मोजकी हवी आणि रचनेचा सांगाडा पूर्ण कळलेला हवा. मेहतांनी वाद्य म्हणून डबल बेस घेतले, म्हणजे वाद्यवृंदाच्या तळाशी उभे राहून वर काय चालले आहे ते पाहण्याचीही सोय झाली.

सांगाडा कळणे म्हणजे काय? कंडक्टरपुढे जी वही असते तिला स्कोअर म्हणतात. प्रत्येक वादकाच्या कागदावर फक्त त्याची ओळ असते. स्कोअरवर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, कधी वीस, कधी तीस. पान डावीकडून उजवीकडे वाचायचे आणि त्याच वेळी वरून खालीही. शिवाय त्यात एक गंमत आहे. आपल्याकडे गायक 'काळी चार' किंवा 'पांढरी एक' धरतो आणि सा त्या पट्टीत सरकतो. पाश्चात्य वाद्यांतही काहींची पट्टी अशी सरकलेली असते. नेहमीच्या क्लॅरिनेटच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असेल तर कानावर येते ती काळी पाच. फ्रेंच हॉर्नच्या कागदावर पांढरी एक असेल तर वाजते खालची पांढरी चार. तीस ओळी, त्यांतल्या काही अशा सरकलेल्या, आणि हे सगळे वाचून, वाद्य हातात न घेता, डोक्यात ऐकू यायला हवे. कंडक्टरचे बहुतेक आयुष्य शांत खोलीतल्या या वाचनात जाते. पहिल्या तालमीला येतो तेव्हा रचना त्याच्या मनात वाजून झालेली असते. तालमीत तो मनातले आणि समोरचे यांतला फरक दूर करत जातो.

दुसरा अभ्यास म्हणजे मोठ्यांना काम करताना पाहणे. पण बड्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत. मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लॉदिओ अब्बादो, जो पुढे स्वतः बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला, दोघांनी युक्ती केली. ते व्हिएन्नाच्या गायकवृंदात खालच्या पट्टीचे गायक म्हणून भरती झाले. आता हर्बर्ट फॉन कारायान किंवा ब्रुनो वॉल्टर यांच्यासमोर, वाद्यवृंदाच्या मागे, थेट चेहऱ्याकडे तोंड करून उभे राहता येऊ लागले. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही, कारण कंडक्टरचा चेहरा श्रोत्याला दिसत नाही, गायकवृंदाला दिसतो.

दुसऱ्याचे आजारपण

या क्षेत्रात पहिली पायरी चढणे कठीण. गवय्याला गळा असतो, सतारियाला सतार. कंडक्टरचे वाद्य म्हणजे ऐंशी माणसे, आणि ती घरी आणून रियाज करता येत नाही. १९५६ मध्ये हंगेरीतल्या उठावानंतर निर्वासित ऑस्ट्रियात आले, तेव्हा मेहतांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांच्या छावणीत कार्यक्रम केला. वाद्य मिळवण्याचाच तो एक मार्ग होता. १९५८ मध्ये लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले आले आणि बक्षीस म्हणून वर्षभराची सहायकाची नोकरी मिळाली. ते वर्ष संपल्यावर हातात कायमचे काही नव्हते.

अशा वेळी दार उघडते ते बहुधा कोणाच्या तरी आजारपणामुळे, नाहीतर कोणाला तरी आयत्या वेळी जागा सोडावी लागल्यामुळे. १८८६ मध्ये रिओ दि जानेरोत प्रेक्षकांनी गोंधळ घालून कंडक्टरला घालवून दिले, तेव्हा चेलो वाजवणारा एकोणीस वर्षांचा तोस्कानिनी पुढे झाला आणि त्याने अख्खा 'आयदा' ऑपेरा स्कोअरशिवाय, तोंडपाठ चालवला. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या लेनर्ड बर्नस्टाइनला तालमीविना उभे राहावे लागले. मेहतांना १९६० मध्ये माँट्रियलला इगोर मार्केविचच्या जागी आणि १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनरच्या जागी बोलावणे आले. दोन्हीकडे वादकांना हा मुलगा आवडला. त्याच १९६१ मध्ये व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही फिलहार्मोनिक वाद्यवृंदांपुढे ते उभे राहिले.

याला नशीब म्हणणे मला पटत नाही. संधी आयत्या वेळी येते हे खरे, पण ती पेलायला तो स्कोअर आधीच डोक्यात असावा लागतो.

| चौकट: कार्यक्रमपत्रिकेतले शब्द |
|---|
| पाहुणा कंडक्टर: आठवडाभरासाठी येतो. साधारण तीन-चार तालमी, मग कार्यक्रम, मग पुढचे शहर. |
| संगीत संचालक: वर्षानुवर्षे त्या वाद्यवृंदाचा. काय वाजवायचे, कोणाला बोलवायचे, नवे वादक कोण, यात त्याचा शब्द मोठा. |
| कॉन्सर्टमास्टर: पहिला व्हायोलिनवादक. सगळ्यांचे गज एका दिशेने चालतात ते याच्यामुळे. |
| पिट: ऑपेरात रंगमंचापुढचा खोलगट भाग. वाद्यवृंद तिथे बसतो. |
| सिट्झप्रोब: गायक आणि वाद्यवृंद पहिल्यांदा एकत्र येतात ती तालीम. अभिनय नाही, गायक बसून किंवा उभ्याने फक्त गातात. |

ऑपेरा: दोन घोड्यांवर स्वारी

सिम्फनीत सगळे एकाच बाजूला बसलेले असतात. ऑपेरात वाद्यवृंद खाली खड्ड्यात, गायक वर, तेही फिरत, भांडत, जिने चढत. कंडक्टर दोघांच्या मध्ये.

आपल्या संगीत नाटकात बालगंधर्व पद रंगवत, एखादी जागा मनासारखी लांबवत, आणि अहमदजान थिरकवांसारखा तबलजी कान लावून त्यांच्याबरोबर जाई. एक तबलजी हे करू शकतो. पिटमध्ये असतात सत्तर-ऐंशी जण, आणि खाली बसल्यामुळे अनेकांना गायक दिसतही नाही. गायिकेने वरचा सूर धरून ठेवला तर ती कधी सोडणार हे त्यांना कसे कळावे? कंडक्टर तिच्या ओठांकडे आणि बरगड्यांकडे पाहत असतो. तिचा श्वास संपत आला हे त्याला तिच्या शरीरावरून कळते आणि तो वाद्यवृंदाला ती सूर सोडण्याच्या क्षणी आत घेतो. शब्द बुडू नयेत म्हणून पितळी वाद्यांना सतत दाबून ठेवायचे, पडद्यामागच्या गायकवृंदाला कॅमेऱ्यातून ताल दाखवायचा, आणि गायिकेने दोन ओळी गाळल्या तर ऐंशी जणांना उडी मारायला लावून तिला गाठायचे. हे सगळे तीन-तीन तास.

मेहता १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'आयदा'ने आले, पुढे फ्लॉरेन्सच्या संगीतमहोत्सवाशी १९८५ पासून तीन दशके बांधले गेले आणि १९९८ ते २००६ म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचे प्रमुख होते. त्यांचे मला सगळ्यांत थक्क करणारे काम मात्र जुलै १९९२ चे आहे. पुचिनीच्या 'तोस्का'ची कथा रोममधल्या तीन खऱ्या जागी घडते: एक चर्च, एक राजवाडा, एक किल्ला. ठरले असे की ऑपेरा त्याच जागांवर, कथेतल्याच वेळांना, थेट प्रक्षेपित करायचा. भर दुपारी पहिला अंक, रात्री दुसरा, पहाटे तिसरा. प्लासिदो डोमिंगो आणि कॅथरिन मालफितानो किल्ल्यावर गात होते आणि मेहता वाद्यवृंदासह शहराच्या दुसऱ्या भागातल्या स्टुडिओत होते. गायकांना ठिकठिकाणी लपवलेल्या पडद्यांवर त्यांचा हात दिसे, मेहतांना गायकांचा आवाज ऐकू येई. जगातले शंभराहून अधिक देश पाहत होते, चूक दुरुस्त करायला दुसरा टेक नव्हता. सगळा ऑपेरा त्या एका हाताच्या चित्रावर पेलला गेला.

नेमणूक कागदावर, मान तालमीत

लॉस एंजेलिसला १९६२ ते १९७८, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला १९७८ ते १९९१, आणि इस्रायल फिलहार्मोनिकने तर १९८१ मध्ये त्यांना तहहयात संगीत संचालक केले. तिथून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. या पदांत अधिकार फार असतो, आणि त्यावरून वादही होतात. मेहतांना लॉस एंजेलिसला घेतले गेले तेही आधी सहायक म्हणून. होणारे संगीत संचालक गेऑर्ग शोल्टी यांना व्यवस्थापनाने त्याबद्दल विचारले नव्हते, म्हणून शोल्टींनी राजीनामा दिला आणि मेहता पंचविशीत मुख्य जागेवर आले.

पण पदाने वादक ऐकत नाहीत. समोरचा ओबोवादक ओबोबद्दल कंडक्टरपेक्षा कितीतरी जास्त जाणतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकला १९३३ पासून कायमचा प्रमुखच नाही. कोणाला बोलवायचे ते वादक स्वतः ठरवतात. त्यांनी नववर्षाच्या कार्यक्रमासाठी मेहतांना १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ असे पाच वेळा बोलावले. पद्मविभूषणसह मिळालेल्या सगळ्या सन्मानांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, कारण तो त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांनी दिलेला आहे.

असा मान कसा मिळतो? तालमीत कमी बोलून. "इथे दुःख आहे" असे भाषण दिले तर वादकाला काय करायचे ते कळत नाही. "दुसऱ्या सुरावर गज हलका, चेलोला पुढे येऊ द्या," असे म्हटले तर तो पेन्सिलीने खूण करतो आणि पुढच्या फेरीत सूर बदललेला असतो.

आजारपणानंतर मेहता बसून संचालन करू लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, ते आपल्या जन्मगावी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे बसले. २००६ मध्ये सुरू झालेला हा वाद्यवृंद एनसीपीएमध्येच असतो आणि त्याचे कार्यक्रम साधारण वर्षातून दोन हंगामांत होतात. जाल तेव्हा कडेची खुर्ची मागा, मुलांना बरोबर न्या, आणि हात वर जाईल तेव्हा त्यांना वादकांचे खांदे पाहायला सांगा.